विजयसारचा पेला, बाबांची शुगर आणि संशोधन

लोकमान्यनगरकर

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय ७१) मागच्या वर्षी शुगर निघाली. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू आहे, आकडे बरे आहेत. पण शुगर निघाली म्हणजे घरात औषधी वनस्पतींची रांग लागते, तशी आमच्याकडेही लागली. आत्याने बैतूलहून विजयसारच्या लाकडाचा पेला पाठवला. बाबा रात्री त्यात पाणी भरून ठेवतात आणि सकाळी अनशापोटी पितात. पाणी तपकिरी-सोनेरी होतं, उन्हात धरलं की निळसर झाक मारतं. बाबा ती झाक येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. इथल्या सियागंज बाजारातून गुडमारची पावडर आली. समोरच्या काकू सदाफुलीची पानं आणून देतात. सकाळी फिरायला गेले की बागेच्या फाटकाशी कारलं-लौकीचा (दुधीचा) रस मिळतो, तोही घेतात.

इथवर मी गप्प होतो. पण परवा म्हणाले, "एवढं सगळं निसर्गाचं पोटात जातंय, मग ती गोळी कशाला?"

माझा वनस्पतींना विरोध नाही. पण यातल्या कशाकशावर माणसांवर नीट अभ्यास झालाय आणि त्यातून काय निघालं, हे कोणी सांगेल का? उंदरांवरचे अभ्यास नकोत, ते नेटवर ढीगभर आहेत. आणि बाबांशी कसं बोलू?

---

पोहे_जिरावन

वाचतोय. आमच्याकडे अगदी हाच पेला आणि हाच वाद, फक्त बाबांच्या जागी सासरे.

---

अर्क_आणि_आसव

मी इथेच इंदूरला फार्मसीच्या मुलांना वनौषधी शिकवते, तर पेल्यापासून सुरुवात करते.

विजयसार म्हणजे टेरोकार्पस मार्सुपियम. मराठीत बिबळा, आपल्या एमपीत बीजा. मधुमेहासाठी याचं लाकूड वापरायची परंपरा जुनी आहे, आणि आपल्याकडे त्यावर माणसांवरचा अभ्यास खरंच झालाय. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) चार केंद्रांत चाचणी घेतली, ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. नुकतंच निदान झालेले ९७ रुग्ण होते. १२ आठवड्यांत त्यांपैकी ६७ जणांची, म्हणजे ६९ टक्क्यांची, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर आटोक्यात आली. मोठे दुष्परिणाम दिसले नाहीत.

हे वाचून बाबा पेला उंचावतील, म्हणून पुढचंही सांगते. ती खुली चाचणी होती. आपण काय घेतोय हे रुग्णांना माहीत होतं, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. नवीन निदान झालेला माणूस त्याच महिन्यांत गोड सोडतो, चालायला लागतो, भात कमी करतो. साखर उतरली ती विजयसारने किती आणि भात कमी केल्याने किती, हे अशा चाचणीतून वेगळं काढता येत नाही.

दुसरं, त्या रुग्णांना मोजून अर्क दिला होता. बहुतेकांना दिवसाला २ ग्रॅम, काहींना ३ किंवा ४. तुमच्या पेल्यात किती उतरतं? नवा पेला गडद रंग सोडतो, महिन्याभराने फिका पडतो. बाबांना पहिल्या आठवड्यात जी मात्रा मिळाली तिच्या निम्मी तरी आज मिळतेय का, कोणी सांगू शकत नाही. म्हणून "विजयसारवर संशोधन झालंय" हे वाक्य खरं असलं तरी ते पेल्यातल्या पाण्याला लागू होत नाही. मी मुलांना पहिल्या तासालाच सांगते की कोणत्याही वनस्पतीबद्दल चार गोष्टी विचारा. नक्की कोणती जात, कोणता भाग, कशात आणि कसा काढलेला अर्क, किती मात्रा. या चारांतली एक बदलली तरी तुमच्या हातातलं औषध वेगळं झालं.

---

लोकमान्यनगरकर

ताई, मनापासून आभार. तुलनेचा गट नसण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. बाबांनीही त्याच महिन्यात चहातली साखर बंद केली होती!

---

माळवी_मिरची

गुडमारबद्दल: पावडर राहू द्या, ताजं पान मिळालं तर चावून बघा आणि लगेच जलेबीचा तुकडा तोंडात टाका. जलेबी पुठ्ठ्यासारखी लागते. आमच्या मामांनी लग्नात पंगतीच्या आधी पोरांना पानं चघळायला दिली होती. त्या दिवशी श्रीखंड उरलं तेवढं त्या घराण्यात कधी उरलं नाही.

---

अर्क_आणि_आसव

@माळवी_मिरची, मामांचा प्रयोग चोख आहे. गुडमारमधली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या ग्राहींना (रिसेप्टर) काही काळ अडवून ठेवतात. खारट-आंबट चव जवळपास शाबूत राहते. हा परिणाम प्रत्येकाला स्वतः पडताळून पाहता येतो, त्याबद्दल वाद नाही. रक्तातल्या साखरेवरचे अभ्यास मात्र लहान लहान आहेत आणि बरेचसे तुलनेच्या गटाशिवायचे. आशा वाटावी असे आहेत, गोळी सोडावी असे नाहीत.

---

निवृत्त_लॅबवाला

सदाफुलीची पानं कृपा करून आजच बंद करा. बाकी चर्चा सावकाश होऊ द्या.

याचं कारण संशोधनाच्या इतिहासातच आहे, आणि ती गोष्ट मला फार आवडते. सदाफुलीचा काढा मधुमेहावर देतात ही समजूत फक्त आपली नाही, वेस्ट इंडीजमध्येही होती. तिथून पानं कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात पोचली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५०च्या दशकात अर्क उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही, पण अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी कोसळलेल्या. ही माणसं तिथे थांबली नाहीत. पांढऱ्या पेशी इतक्या पाडणारं द्रव्य रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडेल, असं त्यांनी ओळखलं. त्यातून विनब्लास्टिन हाती आलं, पाठोपाठ दुसऱ्या गटाच्या कामातून विनक्रिस्टिन. लहान मुलांच्या ल्युकेमियात विनक्रिस्टिन आजही वापरतात. शेकडो किलो सुक्या पाल्यातून ग्रॅमभर हाती लागतं, इतकं ते जपून काढावं लागतं.

म्हणजे मधुमेहाचं औषध शोधायला गेले आणि हाती कर्करोगाचं औषध आलं. आणि बाबा ते साखरेसाठी चावतायत. दोन-चार पानांनी काही होत नाही असं लोक म्हणतात. पण बाबा खातात त्या पानांत किती द्रव्य आहे हे कोणी मोजलेलं नाही, आणि ७१ वर्षांच्या माणसाच्या पांढऱ्या पेशी आधीच काही भरभरून नसतात. झाड अंगणात सुंदर दिसतं, तिथेच राहू द्या.

---

रामबागवाली

बाप रे. आमच्या अख्ख्या गल्लीत सदाफुली आहे आणि अर्धी गल्ली ती खाते. ही पोस्ट कॉलनीच्या ग्रुपवर टाकते, चालेल ना?

---

निवृत्त_लॅबवाला

जरूर टाका.

---

पक्का_इंदुरी

भिया, माफ करा, पण मला हा सूर पटत नाही. आपल्या झाडपाल्याला प्रत्येक वेळी चाचणीचा दाखला मागायचा आणि कंपनीच्या गोळीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा? आमच्या आजोबांनी आयुष्यभर मेथ्या आणि कारलं खाल्लं, ८८ वर्षं जगले. संशोधनाला पैसा कोण देतं तेही बघा. बीजाच्या लाकडात कोणाला पेटंट मिळणार आहे? मग त्याची मोठी चाचणी कोण करेल?

---

अर्क_आणि_आसव

@पक्का_इंदुरी, पैशाचा मुद्दा अगदी रास्त आहे. मोठ्या चाचणीला कोटींनी खर्च येतो, आणि ज्या वनस्पतीवर कोणाची मालकी नाही तिच्यासाठी तो खर्च सरकारी संस्थांनीच करायला हवा. विजयसारची चाचणी आयसीएमआरने केली ती म्हणूनच मोलाची. तिची पुढची पायरी, तुलनेच्या गटासह मोठ्या प्रमाणावर, व्हायला हवी असं मी वर्गात दरवर्षी बोलते.

पण बाबांची मेटफॉर्मिन "कंपनीची गोळी" म्हणून बाजूला काढू नका. तीसुद्धा एका झाडाची नात आहे. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाची जांभळट फुलांची शेंगवर्गीय वनस्पती आहे. तिच्यात ग्वानिडिन गटाची द्रव्यं असतात, त्यांतलं गॅलेजिन साखर उतरवतं. पण ते विषारी, ती वनस्पती चरून मेंढ्या मरतात. ग्वानिडिनचीच पुढची रासायनिक भावंडं शोधताना मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं. १९५७ साली फ्रान्समध्ये झाँ स्टर्न यांनी ते रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष छापले. आज ते पेटंटमुक्त आहे आणि जगातल्या सगळ्यात स्वस्त औषधांत बसतं. वनस्पतीचा अभ्यास शेवटपर्यंत नेला, तिचं विष बाजूला काढलं आणि मात्रा पक्की केली, की काय हाती येतं ते या गोळीत दिसतं.

---

लोकमान्यनगरकर

"झाडाची नात" हे बाबांना नक्की सांगणार.

---

पक्का_इंदुरी

ठीक, हे माहीत नव्हतं. पण मेथी-कारल्याचं काय? तेही खोटं?

---

आहारतज्ज्ञ_विजयनगर

मेथी खोटी नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९८०च्या दशकापासून मेथीच्या दाण्यांवर तुलनेच्या गटासह काम झालं आहे आणि साखर उतरल्याचं दिसलं आहे. दाण्यातला चिकट तंतुमय भाग आतड्यात साखरेचं शोषण सावकाश करतो. फक्त मात्रा पाहा. त्या अभ्यासांत दिवसाला २५ ग्रॅम, काहींत तर तेल काढलेली पूड १०० ग्रॅमपर्यंत, तीही पोळीत मिसळून. आपण रात्री चमचाभर मेथ्या भिजवतो त्या चार-पाच ग्रॅम. घ्या, अन्नच आहे ते. पण २५ ग्रॅमचा परिणाम चमच्यातून येईल असं समजू नका, आणि एकदम २५ ग्रॅम घेऊन पोटही बिघडवून घेऊ नका.

कारल्याचं उत्तर निराशेचं आहे. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२च्या आढाव्यात चार चाचण्या, एकूण ४७९ रुग्ण होते. ठोस फायदा दिसला नाही. भाजी म्हणून खा, छानच आहे.

आणि त्या फाटकावरच्या रसाबद्दल: लौकीचा रस कडू लागला तर घोट गिळूसुद्धा नका, थुंकून टाका. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. त्याने उलट्या, रक्तस्राव, रक्तदाब कोसळणं असं झालंय आणि मृत्यूही झाले आहेत. आयसीएमआरला २०११ साली यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. धोका असा की कारल्याच्या रसात मिसळला की दुधीचा कडूपणा कळतच नाही. बाबा नेमकं तेच मिश्रण घेतायत.

---

रामबागवाली

कारलं-लौकी मिक्स इथल्या प्रत्येक गाडीवर मिळतं. सकाळी सहाला लाइन असते.

---

पोहे_जिरावन

सासऱ्यांचा रस आज बंद झाला. पेल्यावरची बोलणी चालू आहेत.

---

वैद्य_छत्रीबाग

उशिरा आलो, पण एका गोष्टीवर बोलायलाच हवं.

मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो. वरच्या धोक्यांशी पूर्ण सहमत, उलट माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना मी आधी घरगुती प्रयोग थांबवायला सांगतो. पण संशोधनाची रीत एकाच वनस्पतीचा अर्क आणि एकच आकडा धरून चालते, त्याने आयुर्वेदाची परीक्षा होत नाही. प्रमेहाच्या (आयुर्वेदात मधुमेह ज्यात मोडतो तो विकार) स्थूल रुग्णाला आणि कृश रुग्णाला मी एकच औषध देत नाही. असन, म्हणजे हाच विजयसार, आमच्या ग्रंथांत गणात, म्हणजे औषधांच्या समूहात येतो, एकटा क्वचितच. प्रकृती, पचनशक्ती, ऋतू बघून योग, म्हणजे औषधांचं मिश्रण, बदलतो. तो योग मोडून एकच लाकूड उचललं आणि सगळ्यांना सारखं दिलं, तर निकाल फिका येणारच.

---

निवृत्त_लॅबवाला

वैद्यजी, मुद्दा कळला. पण मग हे तपासायचं तरी कसं? "प्रत्येक रुग्ण वेगळा" म्हटलं की कोणतंच औषध कधीच नापास होणार नाही.

---

वैद्य_छत्रीबाग

तपासता येतं, आणि तपासलंही गेलंय. कोइंबतूरला संधिवाताच्या ४३ रुग्णांवर चाचणी झाली, २०११ साली प्रसिद्ध झाली. वैद्यांना रुग्णागणिक औषध बदलायची पूर्ण मोकळीक होती. एका गटाला आयुर्वेदाची औषधं आणि मेथोट्रेक्सेट या संधिवातावरच्या आधुनिक औषधासारखी दिसणारी रिकामी गोळी, दुसऱ्याला खरं मेथोट्रेक्सेट आणि आयुर्वेदासारखी दिसणारी रिकामी औषधं, तिसऱ्याला दोन्ही खरी. रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. गट लहान होते, त्यामुळे शेवटचा शब्द म्हणता येणार नाही, पण रीत सिद्ध झाली. मधुमेहावर असंच मोठ्या प्रमाणात व्हावं, ही माझीही मागणी आहे. त्यात आमची औषधं नापास झाली तर ते ऐकायची माझी तयारी आहे.

---

अर्क_आणि_आसव

वैद्यजींच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. असं म्हणणारे दोन्ही बाजूंना हवेत.

---

चंबळकाठची

मी ग्वाल्हेरची, माहेर मुरैन्याचं. निकाल नापास आला की काय होतं याचं उदाहरण आमच्या भागातलं आहे: गुग्गुळ. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी गुग्गुळ चरबी उतरवतो हे सशांवर दाखवलं. पुढे लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने त्यावर औषध विकसित केलं. आपल्या देशातल्या चाचण्यांचे निकाल चांगले होते. मग २००३ साली अमेरिकेत तुलनेच्या गटासह आठ आठवड्यांची चाचणी झाली, आणि गुग्गुळ घेतलेल्यांचं वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडं चढलं. तिकडचा आहार वेगळा, माणसं वेगळी, असं म्हणणारे आहेत. वाद मिटलेला नाही.

मला दुःख दुसऱ्याच गोष्टीचं आहे. चंबळच्या बेहडांत, म्हणजे घळींत, ही झुडपं उभी असायची. जास्त डिंक यावा म्हणून खोल घाव घालतात, त्यात रसायन भरतात. डिंक भरपूर येतो आणि झाड मरतं. आज गुग्गुळ आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या अति-संकटग्रस्त यादीत आहे. औषध खरं की खोटं ठरायच्या आधी झाडच संपेल, असं व्हायला नको. बीजाचे पेले घाऊक विकले जातायत, त्या झाडांचंही कोणीतरी बघा.

---

अर्क_आणि_आसव

बीजाही त्याच वाटेवर आहे, आययूसीएन त्याला संकटाच्या उंबरठ्यावर धरतं. वाढायला दशकं लागतात आणि पेला खोडाच्या गाभ्यातून कोरतात. शिवाय मागणी वाढली की नकली माल येतो, दुसरंच लाकूड रंग लावून विकतात.

---

मंदसौरचा_मुकुंद

आमच्या शेतात असगंध होतं, म्हणजे अश्वगंधा. नीमच मंडीत आख्ख्या देशाचे व्यापारी येतात. पावसाच्या उतारावर पेरायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये मुळं उपटायची, कापून, वाळवून, जाडीप्रमाणे निवडायची. पूर्वी पाला आम्ही शेतातच टाकायचो. मधल्या काळात पाल्यालाही गिऱ्हाईक आलं, कारण पानात विथाफेरिन-ए हे असगंधातलं द्रव्य भरपूर. अर्काच्या कागदावर आकडा दिसतो, मूळ कमी लागतं, फायदा व्यापाऱ्याला. शेवटी आयुष मंत्रालयाने २०२१ साली सांगितलं की परंपरा आणि अभ्यास मुळाचे आहेत, पानं वापरू नका. ताईंनी वर सांगितलेली "कोणता भाग" ही गोष्ट आमच्याकडे मंडीच्या भावात दिसते.

---

इतिहासप्रेमी_मल्हारगंज

थोडं अवांतर. वनस्पतींवरच्या संशोधनात इंदूरचं नाव जगात गेलं ते औषधामुळे नव्हे, खतामुळे. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे वनस्पती उद्योग संस्था उभी केली. कपाशीच्या कामासाठी आले होते, आणि पऱ्हाटी, पाला, शेण यांचं शास्त्रशुद्ध कंपोस्ट करून "इंदूर पद्धत" जगाला दिली. आजचं आपलं कृषी महाविद्यालय तेच. तिथून रोज जाणाऱ्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

---

रामबागवाली

मला नव्हतं! तिथे फलक लावा रे कोणीतरी.

---

नर्मदेहर

गिलोयबद्दल (गुळवेल) कोणी बोललं नाही. कोविडमध्ये आमच्या घरी पातेलंभर काढा व्हायचा.

---

निवृत्त_लॅबवाला

बरं झालं विचारलंत. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं. पुढच्या वर्षी देशभरातल्या केंद्रांतून असे ४३ रुग्ण नोंदले गेले. बऱ्याच जणांत शरीर आपल्याच यकृतावर हल्ला करतंय अशी लक्षणं होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, खरी गुळवेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या तिच्या बहिणीशी गल्लत होते. पण मुंबईच्या डॉक्टरांनी काही नमुने तपासले तेव्हा ते कॉर्डिफोलियाच निघाले. मधुमेह, थायरॉइड किंवा स्वप्रतिरोधाचा विकार असलेल्यांनी ती मनाने घेऊ नये, एवढं मी नक्की सांगेन.

---

वैद्य_छत्रीबाग

@नर्मदेहर, महिनोन् महिने, दोन्ही वेळा, पातेलंभर: असा गुळवेलीचा वापर आमच्या कोणत्याच ग्रंथात नाही. मात्रा आणि मुदत औषधाचाच भाग असते.

---

लोकमान्यनगरकर

मंडळी, काल बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो. जाताना हा अख्खा धागा त्यांना वाचून दाखवला. सदाफुलीची गोष्ट त्यांना इतकी आवडली की डॉक्टरांना त्यांनीच सांगितली, नोबल-बीअरच्या नावांसकट.

डॉक्टरांनी सगळ्या वस्तूंची यादी मागितली आणि केसपेपरवर लिहून घेतली. म्हणाले, बहुतेक पेशंट हे सांगतच नाहीत, आणि साखर अचानक खाली गेली की कारण शोधत बसावं लागतं. ठरलं ते असं: गोळी चालू. सदाफुली आणि फाटकावरचा रस बंद. गुडमारची पावडर तूर्त बंद, कारण पुड्यात नक्की काय आहे हे कोणालाच माहीत नाही. मेथी पोळीच्या पिठात, हळूहळू वाढवत. तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), आणि मेटफॉर्मिन चालू असल्याने सोबत बी-१२ही.

पेल्यावर बाबा अडून बसले आहेत. डॉक्टर म्हणाले, गोळी सोडणार नसाल तर मी भांडणार नाही, पण पाणी रोज बदला आणि चक्कर, घाम, थरथर असं काही झालं तर लगेच साखर तपासा.

ताई, एक प्रश्न राहिला. तो पेला खरंच बीजाचा आहे का, हे घरी कळेल?

---

अर्क_आणि_आसव

बाबांना माझा नमस्कार सांगा.

निळसर झाक ही चांगली खूण आहे, बीजाच्या पाण्यात ती दिसते आणि नुसत्या रंगवलेल्या लाकडात सहसा येत नाही. पण ती पक्की ओळख नव्हे. पक्कं करायचं तर लाकडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो आणि अर्काचा रासायनिक ठसा प्रमाण नमुन्याशी ताडावा लागतो. पेल्याच्या बुडाकडून सुपारीच्या खांडाएवढा तुकडा काढून देता आला तर आणा. मुलांना या सत्रात अस्सल-नकली ओळखण्याचं प्रात्यक्षिक आहेच, त्यात घेऊ. पोहे_जिरावन, सासऱ्यांचाही आणा, दोन नमुने झाले तर तुलना होईल.

---

पोहे_जिरावन

आणतो ताई. सासरे म्हणतायत तेही सोबत येणार, प्रात्यक्षिक बघायला.